सृष्टीच्या गीतात आपला आवाज



आपल्या पवनारला धाम नदीच्या काठी विनोबाजींनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तेथील भगिनी पहाटेच्या प्रार्थनेत ईशावास्य उपनिषद म्हणतात. या जगात जे जे आहे ते ईश्वराने व्यापलेले आहे, हा त्याचा पहिला विचार. आपल्या या शेजाऱ्यांची प्रार्थना ऐकून आपणही विचार करू या : सृष्टीविषयी आपली श्रद्धा काय गाते?

१. स्तोत्र १४८ पाहा. स्तोत्रकार आधी सूर्य, चंद्र, तारे यांना देवाची स्तुती करायला सांगतो. मग गारा, वारा, डोंगर, फळझाडे, गुरेढोरे, पाखरे. राजे, तरुण-तरुणी, म्हातारे व मुले यांची पाळी त्यानंतर येते. म्हणजे हे गीत आपण सुरू केलेले नाही. चाललेल्या गीतात आपण सामील होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पळस फुलतो, ही त्याची स्तुती. पळस फुलायला नकार देत नाही. नकार देण्याची मोकळीक फक्त माणसाला आहे.

२. सृष्टी म्हणजे देव नव्हे, ती देवाची निर्मिती आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, देवाचा चांगुलपणा एकाच निर्मितीतून पुरता प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नानाविध वस्तू निर्माण केल्या. तेव्हा एखादे झाड, एखादा पक्षी कायमचा नाहीसा झाला, तर देवाच्या स्तुतीतला एक आवाज कमी होतो.

३. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२५ साली सृष्टीचे गीत रचले, तेव्हा ते आजारी होते. डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता. तरीही त्यांनी सूर्याला भाऊ म्हटले, पाण्याला बहीण म्हटले. गीत लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या बोलीत रचले. पुढे असिसीचे बिशप व नगरप्रमुख यांच्यात वैर आले. फ्रान्सिस यांनी गीतात क्षमेचे कडवे घातले आणि आपल्या बंधूंना ते दोघांसमोर गायला पाठविले. दोघांचा समेट झाला. याच गीतातील शब्दांवरून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले.

बंधुभगिनींनो, मिस्सामध्ये आपण मोठ्याने गातो. पण दुपारी नदीकाठी जेवून प्लॅस्टिक तिथेच टाकले, तर सकाळचे गीत खोटे ठरते. आणि शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद असेल, तर सूर्याला भाऊ म्हणायचे कोणत्या तोंडाने?

या आठवड्यात एक करू या. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी आपण आधी जाऊ या. मग पुढच्या रविवारी गाऊ.

प्रार्थना : हे परमपित्या, तुझ्या सृष्टीच्या गीतात आमचा आवाज बेसूर होऊ देऊ नकोस. आमेन.

– तुमचे धर्मगुरू