हीट पंपाचे वाढते वीजबिल : कारणशोधाचा एक पाठ

इतिहासाच्या अभ्यासकाला एक शिस्त पाळावी लागते. आधी निष्कर्ष आणि मागाहून पुरावा, हा क्रम त्याला चालत नाही. हीच शिस्त घरातील यंत्राच्या बाबतीतही उपयोगी पडते, हे प्रस्तुत लेखात आम्ही एका उदाहरणाने स्पष्ट करणार आहोत. उदाहरण थंड हवेच्या देशांतील आहे. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, ब्रिटन या देशांत अनेक घरे आता हीट पंपाने उबदार ठेवली जातात. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही कधीकधी हा प्रश्न उभा राहतो : वीजबिल एवढे का वाढले?

प्रथम यंत्र समजून घेऊ. आपल्या परिचयाचा फ्रीज आतील उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलट दिशेने करतो. तो बाहेरच्या हवेतील, जमिनीतील वा पाण्यातील उष्णता गोळा करून घरात आणतो. शून्य अंशाच्या हवेतही उष्णता असतेच, हे येथे ध्यानात घ्यावे. ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ साली मांडली. झ्युरिकच्या नगरभवनात १९३८ साली लिमात नदीच्या पाण्यातील उष्णता घेणारा हीट पंप बसविण्यात आला.

या यंत्राचे मर्म असे की ते उष्णता निर्माण करीत नाही, वाहून आणते. म्हणून एक युनिट वीज खर्च करून सुमारे तीन युनिट उष्णता मिळू शकते. साधी विजेची कॉइल एका युनिटात एकच युनिट उष्णता देते. उष्णता भागिले वीज, या प्रमाणाला आपण गुणक म्हणू. एखाद्या घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागत असेल, तर गुणक ३ असताना ४,००० युनिट वीज लागेल आणि गुणक २ झाल्यास ६,०००. घर तेच, माणसे तीच, आणि बिल मात्र दीडपट.

कारणशोधाची पहिली पायरी म्हणजे नोंद. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा आणि बाहेरचे तापमान वहीत लिहावे. शक्य असल्यास हीट पंपासाठी स्वतंत्र मीटर असावा. अन्यथा दोष गीझरचा की ओव्हनचा, हेच कळत नाही. तुलना जानेवारीची जानेवारीशीच करावी. कडक थंडीत घरातून उष्णता अधिक निसटते आणि त्याच वेळी यंत्राचा गुणकही उतरतो. असे दुहेरी कारण असल्याने हिवाळ्यातील वाढ प्रत्येक वेळी बिघाडाचीच असते, असे नाही.

दुसरी पायरी पूरक हीटरची. बहुतेक यंत्रांत अतिथंडीसाठी विजेची कॉइल बसविलेली असते. दुरुस्तीच्या वेळी चालू केलेली आपत्कालीन व्यवस्था तशीच राहून गेली, अथवा कॉइल सुरू होण्याचे तापमान फार वर ठेवले गेले, तर यंत्र पंप न राहता महागडी शेगडी बनते. बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर कॉइल किती तास चालली याची नोंद सापडते. ती अवश्य पाहावी. जंतुनाशासाठी टाकीतील पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापविले जाते, तेव्हा कॉइल चालणे स्वाभाविक आहे. ही सोय आरोग्यासाठी असल्याने आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरी पायरी पाण्याच्या तापमानाची. बाहेर शून्य अंश असताना रेडिएटरमध्ये ३५ अंशांचे पाणी सोडले, तर गुणकाची सैद्धांतिक मर्यादा ८.८ येते, ५५ अंशांचे सोडले, तर ती ६ पर्यंत घसरते. प्रत्यक्ष यंत्र या मर्यादेच्या बरेच खाली चालते, परंतु नियम तोच राहतो : पाणी जितके अधिक तापवावे, तितकी वीज अधिक. म्हणून पाण्याचे तापमान एकेक अंशाने कमी करावे, दोन दिवस थांबावे, घर पुरेसे उबदार राहते का ते पाहावे आणि मगच पुढचा बदल करावा. एकाच दिवशी चार बदल केल्यास कोणत्या बदलाने काय साधले, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

चौथी पायरी निरीक्षणाची. यंत्र दर काही मिनिटांनी सुरू-बंद होते काय? तसे असल्यास खोल्याखोल्यांतील रेडिएटरच्या झडपा बंद आहेत का ते पाहावे. हे यंत्र मंद आणि सलग चालण्यातच काटकसर करते. बाहेरच्या युनिटसमोर पालापाचोळा, बर्फ वा अडगळ नसावी. त्यावर दहिवर गोठणे आणि यंत्राने ते वितळविणे हा नेहमीचा क्रम आहे. मात्र बर्फाचा जाड थर वितळतच नसेल, तर तंत्रज्ञाला बोलवावे. गॅसची गळती आणि आतील विद्युत जोडण्या हे विषय केवळ त्याचेच आहेत.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण केवळ पैसा नाही. बिल वाढले की पहिला दोष घरातील माणसांवर येतो. मग वृद्ध आणि लहान मुले थंडीत कुडकुडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानातील घरांसाठी किमान १८ अंश तापमानाची शिफारस केली आहे. ऊब ही तेथे चैन नसून आरोग्याची गरज आहे. पुष्कळदा यंत्र बसविणारा एक, घरमालक दुसरा आणि बिल भरणारा भाडेकरू तिसराच असतो. अशा वेळी तोंडी तक्रार सहज उडवून लावली जाते. तारीखवार लिहिलेली वही मात्र उडवून लावता येत नाही. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्या हाती निदान नोंद असावी.

विद्यार्थी मित्रांनी हा पाठ आपल्याच घरी गिरवून पाहावा. फ्रीज, पंखा, पाण्याची मोटर यांपैकी एक निवडावे, महिनाभर मीटरची नोंद ठेवावी आणि कोणालाही दोष देण्यापूर्वी त्या आकड्यांचे म्हणणे ऐकावे.