तोलून दिले, तोलून घेतले
वाचन: एज्रा 8:24-34

वसतिगृहाची खोली सोडणाऱ्या एका आदिवासी शिक्षकाच्या अनामतीतून मी फुटक्या कौलांचे पैसे कापले. "साहेब, ती आधीपासूनच फुटकी होती," एवढेच तो म्हणाला. पुढे जुना फोटो सापडला. तो खरे बोलत होता. मी पैसे परत केले, क्षमा मागितली.

एज्राने मंदिराचे सोने-रुपे 12 याजकांना तोलून दिले. यरुशलेमेत ते पुन्हा तोलले, वजन लिहून ठेवले. हा अविश्वास नव्हे. नोंदीने आणणाऱ्यांचेही नाव राखले.

आता खोली देताना आम्ही दोघे मिळून भिंती, कौले, कड्या, नळ पाहतो, तारखेसह फोटो काढतो, यादीवर दोघेही सह्या करतो. एक प्रत राहणाऱ्याकडे. खोली सोडताना तीच यादी पुन्हा वाचतो.

प्रियांनो, आपल्या मंडळीच्या खोल्यांची अशी यादी आहे का?