डिजिटल अध्ययन-संचिका : काय ठेवावे, काय वगळावे

कणकवलीजवळील वागदे येथे आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला. हाताने काम करावे व त्या कामातूनच शिकावे, हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेपासून नई तालीमच्या रूपाने देशापुढे आला होता. अशा शिक्षणाची परीक्षा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेतून पुरती होत नाही. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा प्रात्यक्षिक, उपक्रम व प्रकल्प यांना आकारिक मूल्यमापनात स्थान मिळाले. मुलांच्या कामाच्या संचिका कपाटात जमू लागल्या. आता त्या भ्रमणध्वनी व संगणकावर येत आहेत.

परंतु पडद्यावर आल्याने संचिका आपोआप उपयुक्त होत नाही. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे व प्रमाणपत्रे यांचा संग्रह म्हणजे अध्ययन-संचिका नव्हे. विद्यार्थी कोठून निघाला व कोठे पोहोचला, हे तिच्यातून दिसावयास हवे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सातवीतील एक मुलगी शाळेच्या आवारात बाटलीवर नरसाळे बसवून पाऊस मोजते. एके दिवशी बाटलीत १६० मिलिमीटर पाणी भरते व ती तोच आकडा लिहिते. कोकणातील पावसाळ्यात हा आकडा कोणासही खटकणार नाही. परंतु शेजारी ठेवलेल्या सरळ डब्यात पाणी भरते केवळ ४० मिलिमीटर. शोध घेता कळते की, नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास बाटलीच्या दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होते. संचिकेत केवळ सुधारलेला तक्ता ठेवला, तर शिक्षकास नीटनेटके काम दिसेल. शिकणे दिसणार नाही. पहिली चुकीची नोंद, दोन्ही भांड्यांचे छायाचित्र आणि चूक कशी उमगली याचे तिच्याच आवाजातील दोन मिनिटांचे निवेदन, एवढे एकत्र ठेवावे. हे निवेदन मालवणीत असले तरी बिघडत नाही. किंबहुना तसेच असावे, कारण प्रमाण भाषेत अडखळणारे मूल घरच्या बोलीत कारण नेमके सांगते. कागदी संचिकेत ही सोय नव्हती. डिजिटल साधनाचा खरा लाभ प्रस्तुत लेखकास येथेच दिसतो.

नोंदी थोड्या असाव्यात व त्यांची निवड विद्यार्थ्याने करावी. 'हेच काम का निवडले?' याचे उत्तर त्याने दोन ओळींत द्यावे. शिक्षकाचा अभिप्रायही 'छान' या शब्दावर थांबू नये. पुढे काय करून पाहावे, हे त्यात असावे. मात्र तीच माहिती नोंदवहीत, तक्त्यात आणि पुन्हा संगणकावर भरण्याचे काम शिक्षकांवर पडले, तर अभिप्राय नाममात्रच राहील. अधिकाऱ्यांनी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मुसळधार पावसात वीज व जाळे खंडित होते. म्हणून नोंद प्रथम यंत्रातच साठवता यावी व तिची दुसरी प्रत शाळेत असावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. मुलांचे चेहरे व आवाज गावाच्या समूहात पाठविण्याचा मोह सर्वांनीच टाळावा. पालकांची संमती घ्यावी.

प्राथमिक शाळा सोडून मूल माध्यमिक विद्यालयात जाते, तेव्हा दाखल्याबरोबर ही संचिकाही त्याच्या हाती पडावी. तत्पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सभेत मुलांनीच ती उघडून दाखवावी आणि पंचायत सदस्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. पावसाच्या त्या आकड्याबद्दल अवश्य विचारावे.