उभ्या मालमोटारीचा कर

प्रश्न : इंजिन निकामी झाल्याने माझी मालमोटार गेले वर्षभर अंगणात उभी आहे, तरी थकीत कराची नोटीस आली. चाके फिरलीच नाहीत, तर कर कशाचा? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : आपली व्यथा रास्त आहे, परंतु १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याची धारणा अशी की, ज्या वाहनाची नोंदणी चालू आहे ते, कर अधिकाऱ्याने 'वापरात नाही' असे प्रमाणित केलेला काळ वगळता, वापरात अथवा वापरासाठी ठेवलेलेच मानावे. म्हणजे चाकांखाली दगड लावलेले असोत, की टपाभोवती गवत माजलेले असो, दप्तरी नोंद नसेल तर कराची आकारणी सुरूच राहते आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होऊ शकते.

म्हणून पुढील मुदत सुरू होण्यापूर्वीच श्रीरामपूरच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात वाहन न वापरण्याची लेखी सूचना द्यावी, गाडी नेमकी कोठे उभी आहे ते तीत स्पष्ट लिहावे आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी, कारण वर्षभराने कारकुनापुढे तोच एक पुरावा उरतो. निरीक्षक तपासणीस आल्यास गाडी सांगितल्या ठिकाणीच आढळली पाहिजे. दुरुस्तीसाठी नाशिक रस्त्यावरील गॅरेजात न्यायची झाली तरी आधी परवानगी घ्यावी. गतकाळाच्या थकबाकीबाबत गॅरेजाच्या पावत्या जोडून अर्ज अवश्य करावा, मात्र सवलत मिळेलच असे गृहीत धरू नये. एकरकमी कर भरलेल्या खाजगी मोटारींना ही वार्षिक विवंचना नाही.