गुग्गुळाचे झाड आणि आपले धुपाटणे

सायंकाळच्या आरतीपूर्वी निखाऱ्यांवर गुग्गुळ पडला की गाभारा सुगंधाने भरून जातो. पुजाऱ्याच्या घरात जन्म झाल्यामुळे हा सुवास आम्हांस पाळण्यापासून परिचित आहे. परंतु हा डिंक ज्या झाडाचा, ते कोठे वाढते व आज त्याची अवस्था काय आहे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे सुचलाच नाही. अनेक सभासदांची स्थितीही याहून निराळी नसावी, असे वाटल्यावरून हा पाठ लिहिण्याचे योजिले आहे.

गुग्गुळ हा वाळवंटाचा व रुक्ष टेकड्यांचा रहिवासी आहे. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानातील जेसलमेर, बाडमेर व जोधपूरकडील भाग आणि सीमेपलीकडे सिंध व बलुचिस्तान हे त्याचे माहेर. झाड ठेंगणे, काटेरी व वेडेवाकडे असते. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. वर्षाचा बराच काळ ते निष्पर्ण असते व पाऊस येताच पालवते. चीर देण्याजोगे होण्यास त्यास आठ-दहा वर्षे लागतात. मग थंडीच्या दिवसांत खोडास चिरा देतात व पाझरणारा डिंक वाळल्यावर खरवडून घेतात. एका झाडापासून हंगामात काही शे ग्रॅम गुग्गुळ मिळतो.

डिंक अधिक यावा म्हणून लोभाने खोल चिरा देतात, जखमेत दाहक लेप भरतात. डिंक भरपूर येतो, पण झाड वाळून जाते. त्यात औषधाची मागणी वाढली. सुश्रुतसंहितेतील मेदरोगाचे वर्णन आधारास घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावर संशोधन केले व १९६६ साली त्याचा प्रबंध सादर केला. तेव्हापासून आधुनिक औषधशास्त्राचेही लक्ष या डिंकाकडे वेधले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गुग्गुळाचा समावेश ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गात केला. रानातून नामशेष होण्याच्या आधीची ही अखेरची पायरी होय.

येथे कोणी म्हणेल, झाडे कमी झाली तर नवी लावावीत. ते योग्यच आहे. परंतु एवढ्याने भागत नाही. आपणांस कलमी व रायवळ आंब्यांतील भेद ठाऊक आहे. हापूसच्या एका झाडावरून केलेली शंभर कलमे म्हणजे वंशदृष्ट्या एकच झाड. रायवळाच्या कोयीतून उगवणारे प्रत्येक झाड मात्र निराळे. त्यात माता व पिता दोघांचा अंश येतो. एखादा रोग एकास मारतो, दुसरे तग धरते. यासच वंशवैविध्य म्हणतात.

गुग्गुळाची गोष्ट विलक्षण आहे. गुप्ता, शिवण्णा व मोहन राम या शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले की, या झाडात परागाचा संयोग न होताच बी धरते. बहुतेक झाडे मादी असून नर अत्यंत विरळ. अर्थात असे बी रुजले तरी ते मातेचीच प्रतिकृती. जणू निसर्गाने स्वतःच कलम बांधावे. त्यामुळे एका टेकडीवरील कित्येक झाडे एकाच मातेची असू शकतात. अशी टेकडी उजाड झाली तर काही झाडेच नव्हे, तर अन्यत्र नसलेला एक वंशही नष्ट होण्याची भीती असते.

गुग्गुळाच्या फांद्या लावल्या असता त्या सहज रुजतात, ही समाधानाची गोष्ट. परंतु एकाच झाडाच्या हजार फांद्या लावल्याने संख्या वाढते, वैविध्य वाढत नाही. यास्तव निरनिराळ्या टेकड्यांवरून फांद्या आणाव्या लागतात, प्रत्येकीचे मूळ ठिकाण नोंदवावे लागते व विरळ नरवृक्ष विशेष काळजीने जपावे लागतात. वडोदऱ्याहून फार दूर नसलेल्या आणंदजवळील बोरियावी येथे औषधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था आहे. अजमेरजवळ मांगलियावास येथे गुग्गुळाचे सरकारी उद्यान आहे. तथापि उद्यान कितीही उत्तम असले, तरी मूळ भूमीवर ऊन, दुष्काळ व रोगराई सोसून टिकलेल्या झाडांची जागा ते पूर्णपणे घेऊ शकत नाही. राजस्थानात गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राने आहेत. तेथे कुऱ्हाड चालवीत नाहीत. देवाच्या नावाने झाडे राखता येतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्याकडे वळू. गेल्या नवरात्रात एका दिवसात आम्ही पाव किलो गुग्गुळ जाळला. हा सगळा अभ्यास पुढे झाला, तेव्हा ध्यानात आले की, तो एखाद्या झाडाचा संपूर्ण हंगामाचा डिंक असावा. आम्ही हे वडिलांस भीत भीत सांगितले. ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, “उद्यापासून चिमूटभरच घालू. देव मोजून घेत नाही.”

सभासद कुटुंबांसही आमची हीच विनंती आहे. घरी चिमूट पुरत असता मूठ टाकू नये. खरेदी करताना माल लागवडीचा की रानातला, हे दुकानदारास अवश्य विचारावे. विचारणारे वाढले म्हणजे सांगणारेही वाढतील. नाही तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे राहिले, ही म्हण आपल्याच देवघरात खरी व्हावयाची.

मुलांसाठी प्रश्न : (१) गुग्गुळाचे बी रायवळ आंब्याच्या कोयीहून कोणत्या बाबतीत निराळे आहे? (२) एकाच झाडाच्या हजार फांद्या लावून गुग्गुळाचे पूर्ण रक्षण का होत नाही?