उतरलेला ताप परत आला तर

फ्लूचा ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. बहुतेकांचा तर खास औषधाशिवायही उतरतो. ताप उतरला की घरातले सगळे निःश्वास सोडतात, थर्मामीटर कपाटात जातो आणि आजारी माणूस पुन्हा कामाला लागतो. माझी थोरली बहीण नेमकी याच दिवसांत हातची जाता जाता वाचली. म्हणून ताप असतानापेक्षा तो उतरल्यानंतर काय पाहायचं, हे मला आधी सांगायचं आहे.

ताई पुण्यात राहते. साठीला आलेली, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर साखर आटोक्यात. गौरी-गणपतीच्या आधी नातवाने शाळेतून खोकला आणला, मग सून पडली, मग ताई. एकाएकी थंडी वाजून १०३ पर्यंत ताप, अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागे ठणका, कोरडा खोकला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, अँटिबायोटिकची पट्टी मिळाली आणि ‘व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे’ एवढं ऐकायला मिळालं. मधुमेह आहे का, हे तिथे कुणी विचारलंच नाही. मला याचा अजून राग येतो, कारण पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून होतं.

ताप उतरला. ताई उठून गौरींच्या तयारीला लागली. आणि एका दुपारी पुन्हा हुडहुडी भरली. संध्याकाळी मी फोनवर कटाच्या आमटीचं प्रमाण विचारत होते. एरवी ताई एका दमात सगळी कृती सांगून मोकळी होते. त्या दिवशी ‘चिंचेचा कोळ’ म्हणून थांबली, श्वास घेतला, मग ‘थोडा’ म्हणाली, पुन्हा थांबली. मी भावोजींना फोन द्यायला सांगितला. तिच्या खोकल्यातून तांबूस बेडका पडतोय, हे तेव्हा कळलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९० च्या खाली. त्याच रात्री तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, आणि घशातल्या नमुन्यात एच१एन१, म्हणजेच स्वाइन फ्लूचा विषाणू.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून काढतो. मग कुंपण मोडलेल्या शेतात गुरं शिरावीत तसे जिवाणू फुप्फुसात शिरतात. म्हणून उतरलेला ताप एक-दोन दिवसांनी परत चढला, कमी झालेला खोकला वाढला, किंवा बेडक्याचा रंग बदलला, तर तो ‘राहिलेला अशक्तपणा’ नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणखी एक गोष्ट: फार वयस्कर माणसांना कधी कधी ताप फारसा येतच नाही. जेवण तुटणं, बरळणं, सारखी झोप येणं, एवढंच दिसतं.

घरात ऑक्सिमीटर नसला तरी घड्याळ असतं. माणूस स्वस्थ पडलेला असताना पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. ३० च्या पुढे गेले तर थेट रुग्णालय. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४०, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात ५० ही धोक्याची रेघ. बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ते दूध ओढत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर मोजत बसू नका. छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर होणं, बेडक्यात रक्त, ग्लानी ही मोठ्यांमधली लक्षणं. ऑक्सिमीटर लावताना बोटावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आकडा चुकतो.

पुणेकरांना हा आजार नवा नाही. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी घेतला तो पुण्यातच, ३ ऑगस्ट २००९ रोजी, शाळेत जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद पडलेल्या शाळा आणि चित्रपटगृहं अनेकांना आठवत असतील. ती साथ संपली, पण तो विषाणू गेला नाही. २०१० नंतर तो दरवर्षी येणाऱ्या फ्लूंपैकीच एक होऊन राहिला. २०१५ मध्ये त्याने पुन्हा जोर धरला आणि २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ या भावंडाने घराघरांत खोकला पसरवला. आपल्याकडे फ्लू थंडीच्या अखेरीस, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरमध्ये पुन्हा डोकं काढतो.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. निरोगी तरुण माणसाला सौम्य फ्लू झाला तर तपासणी लागत नाही, खास औषधही लागत नाही. पण पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढची माणसं, गरोदर स्त्रिया, आणि मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा कर्करोगाचे रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ओसेल्टामिविर हे विषाणूवरचं औषध आहे आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. आजार गंभीर असेल तर उशिरानेही देतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. म्हणून दवाखान्यात शिरल्या शिरल्या, कुणी विचारो न विचारो, आपण होऊन सांगा: मधुमेह आहे, सहावा महिना चालू आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, ताप काल दुपारपासून आहे. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर ते लागतंच, पण आधीपासून खाऊन तो टळत नाही.

पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टोही याच दिवसांत फिरत असतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचं रूप सारखंच. तेव्हा तापाला पॅरासिटामॉलच घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. डेंगी निघाला तर रक्तस्राव वाढतो. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतं. त्यावर पुन्हा तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट होतो, म्हणून पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा.

बाकी शुश्रूषा आपल्या घरांना येतेच. पेज, वरण-भाताची निवळी, लिंबूपाणी, थोडं थोडं पण सारखं. काढ्याने घशाला बरं वाटतं, तो जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर ते ४८ तास जाऊ देऊ नका. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नये. भाजल्याचे प्रकार घडतात. मधुमेह्यांची साखर तापात वरखाली होते, ती रोज तपासा. ताप औषधाशिवाय उतरून पूर्ण दिवस जाईपर्यंत शाळा, ऑफिस, आरती, हळदीकुंकू सगळं बंद. संसर्ग लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस पसरतो. म्हणून खोली वेगळी, खिडकी उघडी, आणि जवळ जाणाऱ्याच्या व रुग्णाच्याही तोंडाला मास्क.

आणि लस. हा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे लसही दरवर्षी बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूपासून बनते, तिने फ्लू होत नाही. एखादा दिवस दंड दुखतो, कणकण वाटते. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण रुग्णालयात पोचण्याची शक्यता कमी होते. सहा महिन्यांपुढच्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत ती चालते. गरोदर बाईने घेतली तर जन्मलेल्या बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. अंगात प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, घेतलेली बरी. जागतिक आरोग्य संघटना उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी लसीतले विषाणू वेगवेगळे ठरवते. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. गेल्या हंगामातली उरलेली लस तर नाही ना, हे टोचून घेण्याआधी खोकं हातात घेऊन बघा.