उद्यानातील जोडीनृत्य आणि नागरी सहवास

जोडीनृत्याचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच पावलांकडे, तालाकडे आणि नर्तकांच्या कौशल्याकडे जाते. नागरी जीवनाच्या अभ्यासकाने मात्र आधी एक साधी गोष्ट पाहावी: गाणे संपल्यावर जोडी काय करते? ती तशीच राहत असेल, तर दोन माणसांची करमणूक झाली. ती सुटून नव्या जोड्या जुळत असतील, तर तेथे समुदाय आकार घेऊ लागला असे समजण्यास हरकत नाही.

बंगळूरच्या संदर्भात हा प्रश्न विशेष उद्बोधक ठरतो. म्हैसूरचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी १८७० साली आखलेल्या कब्बन पार्कमध्ये पुढे बँडस्टँड उभा राहिला आणि लष्करी वाद्यवृंद तेथे वाजू लागले. संगीत असे उद्यानात आले. जोडीनृत्य मात्र छावणीतील क्लबांच्या भिंतींआड राहिले. वादनाचे स्वर वाटसरूच्याही कानी पडत, पण नृत्याच्या फरशीवर पाऊल टाकण्यास सभासदत्व लागे. पुढील काळात क्लबांची जागा डिस्कोथेकने घेतली, आणि २००५ साली निघालेल्या आदेशाने डिस्कोथेक, कॅबरे व लाइव्ह बँड यांना पोलिसांचा परवाना आवश्यक झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो आदेश ग्राह्य धरला. नृत्य म्हणजे तिकीट, मद्य आणि बंदोबस्त, अशी सांगड त्यामुळे लोकांच्या मनात अधिकच घट्ट बसली असावी.

वस्तुतः जोडीदार बदलत नाचणे आपल्याला परके नाही. कर्नाटकातील कोलाटात टिपरीवर टिपरी देऊन नर्तक पुढच्या गड्याकडे सरकतो. आपल्याकडील फुगडी तर याहून बोलकी आहे. दोघी हात घट्ट धरून मागे झुकतात. एकीने हात सोडला तर दुसरी पडणार, हे दोघींनाही ठाऊक असते. मंगळागौरीच्या रात्री नव्या सुनेची सासरच्या आळीतील स्त्रियांशी जी ओळख होते, तिला शब्दांची फारशी गरज पडत नाही.

उद्यानातील जोडीनृत्याचे प्रसिद्ध उदाहरण ब्वेनोस आइरेसचे आहे. तेथील बेल्ग्रानो भागात कार्लोस थाइस यांनी १८९२ साली आखलेल्या उद्यानात एक गोल, छताचा बँडस्टँड आहे. त्याला ‘ला ग्लोरिएता’ म्हणतात. तोही मुळात कब्बन पार्कमधल्यासारखाच, वाद्यवृंदासाठी बांधलेला. तेथे आता संध्याकाळी टँगो चालतो. प्रवेशशुल्क नाही, सभासदत्व नाही. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीच्या काळात ज्या देशात माणसे एकत्र जमणे हेच संशयास्पद मानले गेले, त्या देशात हे घडते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

टँगोचे संकेत बारकाईने पाहिले पाहिजेत, कारण समुदाय त्यांच्यावरच उभा असतो. तीनचार गाण्यांच्या एका गटाला ‘तांदा’ म्हणतात. दोन तांदांच्या मध्ये वेगळ्याच सुरांचा एक लहान तुकडा वाजतो. तो वाजला की जोड्या सुटतात. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे नवशिक्याला धक्काबुक्कीची भीती कमी राहते. आमंत्रण शब्दांनी नव्हे, दुरून नजरेने दिले जाते. होकार असेल तर मान हलते. नसेल तर नजर दुसरीकडे वळते, आणि नकार मिळाल्याचे चारचौघांना कळतही नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोलाचा शोध हाच होय. जेथे स्त्रीला सहजपणे ‘नाही’ म्हणता येत नाही, तेथे ती दुसऱ्यांदा येत नाही, आणि मग वर्तुळात केवळ आधीचे परिचित उरतात.

कब्बन पार्कमध्ये असा प्रयोग करावयाचा झाल्यास अडचणी अगदी व्यावहारिक आहेत. गवतावर पाऊल सरकत नाही व गुडघ्याला पीळ बसतो. सपाट फरशी हवी. उद्यानालगतच उच्च न्यायालय आहे, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार न्यायालयाभोवतीचे १०० मीटरचे अंतर शांतता क्षेत्रात मोडू शकते. तेव्हा ध्वनिक्षेपक नको; एखादा अकॉर्डियन वा लहानसे यंत्र पुरे. झाडांवरील पक्ष्यांचाही हक्क आहेच.

परवानगीचा प्रश्न याहून अवघड. याच उद्यानात शनिवारी सकाळी मूकपणे वाचणाऱ्यांचा ‘कब्बन रीड्स’ हा मेळा २०२३ साली चांगलाच नावारूपाला आला. वाचणाऱ्यांचा आवाज तो काय! तरीही डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकांच्या भेटींचा एक कार्यक्रम ठरताच उद्यानविद्या खात्याने संयोजकांकडे ३५,००० रुपयांची मागणी केली. खात्याची बाजू सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. हिरवळ तुडवली जाते, कचरा पडतो, आणि उद्यानांच्या जतनासाठी १९७५चा कायदा आहे. पण चार माणसांचे जमणे कोठे संपते आणि ‘कार्यक्रम’ कोठे सुरू होतो, ही रेषा कोणी आखावयाची? नाचणाऱ्या वर्तुळापुढे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहील. फलक, प्रायोजक आणि नावनोंदणी टाळली तर त्याची धार थोडी बोथट होईल. फरशी भरली की नव्या येणाऱ्यांसाठी दुसऱ्या जागी दुसरे वर्तुळ सुरू करावे. मात्र जुन्यांपैकी निम्मे तरी तिकडे गेले पाहिजेत.